पालकांसह यावे

बसमधून उतरून कोपरा वळलं की बर्नाडीनला आधी शेजारच्या क्लॅरन्सच्या पायरीवरचं सिमेंटचं बदक दिसे आणि मग स्वतःचं घर. बदकाच्या अंगात ऋतूप्रमाणे कपडे असत. एप्रिल लागला की पिवळा रेनकोट. क्लॅरन्सची बायको होती तोवर ती चढवायची, आता क्लॅरन्स चढवतो आणि बटणं नेहमी एक काज चुकवून लावतो. त्या सोमवारी बर्नाडीनने बदक पाहिलं, चुकलेली बटणं पाहिली, मनाशी हसली, आणि मान वळवते तो काय, तिच्या स्वतःच्या अंगणात, अजून नीट हिरव्याही न झालेल्या गवतात, एक निळी पाटी रोवलेली. तारेच्या दोन पायांवर उभी, सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्यात डोलणारी. कोपऱ्यात एक पांढरा पक्षी, आणि वर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सेंट ऑडिल कॉलेजचा नवा सारस इथे राहतो!’ सेंट ऑडिलवाले आपल्या विद्यार्थ्यांना सारस म्हणतात, हे मिल्वॉकीच्या दक्षिण भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बर्नाडीन पदपथावर उभीच राहिली. शेवटचं उद्गारचिन्ह तिला टोचत होतं. पहिलीच्या मुलांना ती सांगत असे, हे चिन्ह म्हणजे वाक्य संपल्यावर त्याने आनंदाने मारलेली उडी. ही उडी मात्र कुणीतरी तिच्याच पायावर मारल्यासारखी वाटली. कारण त्या घरात दोनच माणसं राहत होती. एक त्र्याऐंशी वर्षांची तिची आई, आणि दुसरी ती स्वतः, एकोणसाठ वर्षांची. आणि सारस आई नव्हती.

आई, म्हणजे यूजीनिया, स्वयंपाकघरात मोठ्या आकड्यांचे पत्ते मांडून एकटीच डाव खेळत बसली होती. हातातलं भिंग खाली न ठेवताच तिने गाल पुढे केला. बर्नाडीनने गालाला गाल लावला आणि कोट न काढताच विचारलं, “आई, अंगणात ती पाटी कुणी लावली?”

“मी. पोस्टाने आली. पुठ्ठा फोडला तर आत पाटी आणि दोन तारा. म्हटलं उद्या मतदान, निवडणुकीला उभ्या असलेल्या न्यायाधीशबाईंनी पाठवली असेल. निळ्या पाटीची माणसं बरी असतात, तुझे वडील म्हणायचे.”

“तू वाचलीस?”

“पाट्या वाचायच्या नसतात, बर्नी. लावायच्या असतात. लाल दश्शा दिसतोय का बघ कुठे.”

बर्नाडीनने लाल दश्शा दाखवला. खरं तर तिने त्याच पावली बाहेर जाऊन पाटी उपटायला हवी होती. पण आई वाकून, एका हाताने कठडा धरून, त्या दोन तारा गारठलेल्या मातीत दाबत असेल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि पाय निघेनात. ती पुसण्याच्या फडक्यांच्या खणापाशी उभी राहिली. त्या खणात, सर्वांत खालच्या फडक्याखाली, कॉलेजचं पत्र वीस दिवस झोपलं होतं. पत्र तिला पाठ होतं. आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो. मग शिक्षण-पदवीबद्दल चार ओळी. जागा पहिली मेच्या आत नक्की करावी. आणि तळाशी, निवड झालेल्या विद्यार्थ्यांसाठी खास भेटीचा दिवस, येता शनिवार, वर्ग पाहा, जेवण करा, भावी सोबत्यांना भेटा, पालकांसह यावे. पहिल्यांदा ते ‘पालकांसह यावे’ वाचलं तेव्हा ती एकटीच खणावर हात ठेवून खुदकन हसली होती. मग हसू ओसरलं आणि मागे काहीतरी उरलं, गार चहाच्या तळाशी उरतं तसं. ते काय होतं हे तिने नीट पाहिलं नाही. फडकं वर टाकलं आणि खण लावून घेतला.

हा अर्ज करण्याचं वेड तिच्या डोक्यात कसं शिरलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने ‘असंच’ म्हटलं असतं. पण ते असंच नव्हतं. सव्वीस वर्षं ती एकाच शाळेत, पहिलीच्या एकाच वर्गात मदतनीस होती; गॅपिन्स्की आडनाव लांब म्हणून सगळी शाळा तिला मिसेस जी म्हणे. खिडकीखालच्या हीटरवर सुकणाऱ्या हातमोज्यांचा लोकरी, ओला वास, चिकटीचा गोड वास, रंगखडूंच्या डब्यातला मेणाचा वास, या सव्वीस वर्षांत शिक्षिका बदलल्या पण हे वास बदलले नाहीत. बुटांच्या नाड्या, अडकलेल्या चेनी, हलणारे दात ही तिची खाती. आणि वाचन. मागच्या कोपऱ्यात लहान टेबलाशी, लहान खुर्चीवर गुडघे छातीला लावून ती बसे आणि एकेक मूल तिच्याजवळ येऊन वाचे. घाई नाही. शब्दाखाली बोट ठेवायचं. अडलं तर पान नाही बघायचं, ओळ नाही बघायची, फक्त बोटावरचा एक शब्द. पुढचा नंतर. गेल्या ऑक्टोबरात पाकू वांग नावाची मुलगी, जी दोन महिने टेबलाशी येऊन नुसती बोटाकडे बघत बसायची, तिने एका मंगळवारी अख्खं पान वाचलं. वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं, जणू खोलीत दिवा कुणी लावला ते तिला कळलं नव्हतं. बर्नाडीन उठली, आणि धावतच म्हणायचं, वर्गशिक्षिकेकडे गेली. मिस व्हिटलो, पंचवीस वर्षांची, मनाची फार चांगली पोर. ती म्हणाली, “किती छान! पण नोंद मलाच करावी लागेल, मिसेस जी, मी शुक्रवारी परीक्षा घेते तिची.” नियमच तो. मदतनीस मुलाचं वाचन ऐकू शकते. मुलाला वाचता येतं असं लिहू शकत नाही. बर्नाडीनला राग आला नाही. नियम नवा नव्हता. पण त्या दिवशी बसमध्ये तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. ती लिहीत होती. पाकू वाचते. पाकू वाचते. दुसऱ्या आठवड्यात तिने अर्ज मागवला.

मंगळवारी मत देऊन परतताना क्लॅरन्सने तिला कुंपणाशी गाठलं. “बर्नी! अभिनंदन की गं! सारस म्हणे! माझ्या बदकाला कालपासून झोप नाही.”

“क्लॅरन्स, ती पाटी म्हणजे...”

“सांगू नकोस, ओळखतो. कोरा! तुझी नात! सतरा पुरी झाली ना? ढोल वाजवते ती? आता तुझ्याकडे राहायला येणार म्हण की. बरं झालं. तुमच्या घरात जरा आवाज होईल.”

इथे ‘नाही’ एवढाच शब्द हवा होता. एक शब्द, बोटाखाली धरण्याइतका. पण क्लॅरन्सचा चेहरा इतका खुलला होता, आणि त्याच्या टोपीवरून पाणी इतकं शांतपणे ठिबकत होतं, की बर्नाडीन म्हणाली, “बघू. अजून काही ठरलं नाही.” खोटंही नव्हतं ते. घरात शिरताना तिला वाटलं की मॅडिसनमध्ये आपल्या आईजवळ बसलेल्या बिचाऱ्या कोराला आत्ता जोरात उचकी लागली असेल. आणि गंमत अशी की मनावरचा भार उतरला. पाटीला आता धनी मिळाला होता. कोरासाठी ती पाटी किती सरळ, किती साजरी दिसत होती! तीच पाटी आपल्या नावाने वाचली की तिला बदकाच्या रेनकोटासारखी वाटे, बटणं एक काज चुकलेली.

संध्याकाळी जेवणानंतर आई रेडिओवर मतमोजणी ऐकत होती आणि बर्नाडीनने मोबाइलवर कॉलेजचा फॉर्म उघडला. येणार की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचं होतं. नुसता उघडून बघू म्हणून उघडला. तिच्या तीन मुलांचे आणि कधीकधी शेजारच्यांच्याही मुलांचे फॉर्म तिने भरले होते. सहलीचे, दातांचे, पोहण्याचे, गणवेशाचे. फॉर्म म्हटला की तिचा हात तिला न विचारता चालू लागतो. पालकाचे नाव: बर्नाडीन गॅपिन्स्की. विद्यार्थ्याशी नाते: आई. पदार्थांची पथ्ये: नाहीत. शेवटी विद्यार्थ्याचे नाव. हात थांबला. रेडिओवर न्यायाधीशबाई पुढे होत्या. तिने तिथेही लिहिलं, बर्नाडीन गॅपिन्स्की, आणि जीभ चावण्याच्या आत अंगठ्याने ‘पाठवा’ दाबलं गेलं. पडद्यावर एक पांढरा सारस पंख फडफडवून उडाला. बर्नाडीनने मोबाइल उपडा ठेवला, आणि तिच्या मांडीखालची खुर्ची बसच्या सीटसारखी थरथरायला लागली.

कारण ही वेळ पहिली नव्हती. हे कुणालाच माहीत नव्हतं. नॉर्बर्टलाही नाही, आणि नॉर्बर्टशी तर तिने एकतीस वर्षं संसार केला. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या एप्रिलात तिला असंच पत्र आलं होतं, याच कॉलेजचं. वडिलांनी पत्राची दोनदा घडी घातली आणि दोनदा उघडली. भेटीच्या दिवशी आईने आपला चांगला हिरवा लोकरी कोट तिच्या अंगावर चढवला, खांदे झटकले, खिशात रुमाल घातला, आणि दारात देण्यासाठी आलेलं कॉलेजचं कार्ड त्या रुमालात ठेवलं. कोट बाह्यांना लांब होता. बस सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेकडे जात होती, पाणी राखाडी होतं, आणि अठरा वर्षांची बर्नाडीन मनात वाक्यं घोळवत होती. मला मुलांना शिकवायचंय. मला मुलं आवडतात. फाटक आलं. फाटकापाशी गाड्या उभ्या होत्या आणि गाड्यांतून मुली उतरत होत्या, प्रत्येकीबरोबर वडील, प्रत्येकीबरोबर आई, सगळ्यांच्या बाह्या मापाच्या. थांब्याची दोरी खिडकीवर लोंबत होती. ओढली की घंटी वाजणार, बस थांबणार. तिने हात वर नेला. लांब बाही घसरून कोपरापर्यंत आली, आणि तिला आपलं मनगट दिसलं, बारीक, लाल, थंडीने फुटलेलं. बस फाटकावरून पुढे गेली. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने बस बंद केली, मागे पाहिलं, आणि काही न विचारता आपल्या सँडविचचा अर्धा भाग तिला दिला. सॉसेज आणि मोहरी. दोघांनी सरोवराकडे बघत खाल्लं. मग तो तिला परत घेऊन आला. घरी आई दारातच उभी होती. “कसं होतं?”

“खास नाही,” बर्नाडीन म्हणाली.

दोन शब्द. इतके छोटे, की पहिलीतलं मूलही एका दमात वाचील. त्यांच्यावर एकेचाळीस वर्षं उभी राहिली. त्यात नॉर्बर्ट होता, तीन मुलं होती, सव्वीस वर्गांतली पोरं होती, रडण्यासारखं फारसं काही नव्हतं. चांगलीच वर्षं होती ती. फक्त कधीकधी, खुर्ची बसच्या सीटसारखी थरथरली, की तिला मोहरीची चव येई.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती शाळेच्या मैदानावर शिटी गळ्यात घालून उभी होती. पाकू तिच्या कोटाचा खिसा धरून हलणारा दात जिभेने पुढेमागे करत होती. मोबाइल वाजला. पलीकडे एक तरतरीत मुलगी, “नमस्कार मॅडम, मी मार्गो, सेंट ऑडिलमधून. दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी तुम्ही येताय म्हणून आम्हाला इतका आनंद झालाय! फक्त एक छोटीशी शंका. पालक आणि विद्यार्थिनी, दोन्ही ठिकाणी एकच नाव आलंय. तुमच्या मुलीचं नाव तुमच्यासारखंच आहे का?”

झोपाळ्यांच्या साखळ्या करकरत होत्या. बर्नाडीनला समोर दोन दारं दिसली, आणि एक अगदी सताड उघडं होतं. हो म्हटलं की झालं. हो म्हटलं की शनिवारी पालकांच्या खुर्चीत बसता येईल, कोट मांडीवर घेऊन, आयांमधली एक आई म्हणून. वर्ग बघता येतील, ग्रंथालय बघता येईल, कुणी वळून पाहणार नाही. मुलगी ऐनवेळी आजारी पडली म्हणून सांगता येईल. आणि मग पहिली मे बसच्या थांब्यासारखी हळूच मागे जाईल. हेही तिला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं, की शनिवारी अशी गेली तर ती पुन्हा कधीच जाणार नाही.

“हो,” ती म्हणाली. “आमच्यात ठेवतात तसं.”

“किती गोड! मग तुमची बर्नाडीन खुशीत आहे ना?”

“जरा घाबरलीय.”

“सगळेच घाबरतात, मॅडम. मी तर माझ्या दिवशी गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. आईने चक्क दार उघडून मला ढकललं. सांगा तिला.”

फोन बंद झाला. पाकूने दात थांबवला आणि वर पाहिलं. “मिसेस जी, तुला मुलगी आहे?”

“आहेत मला मुलं. मोठी आहेत.”

“ती घाबरलेली कुठली?”

बर्नाडीन गळ्यातल्या शिटीची दोरी सरळ करू लागली. पाकूने पुढचा प्रश्न काढला, “तिला वाचता येतं?”

“येतं.”

“मग तिला सांग, बोट ठेव म्हणावं.” पाकूने स्वतःची तर्जनी, लाल मिठाईने रंगलेली, हवेत एका न दिसणाऱ्या ओळीखाली टेकवली. “एवढाच. पुढचा नंतर.” मग ती एकदम किंचाळली, कारण दात हातात आला होता. बर्नाडीनने तो स्वच्छ रुमालात गुंडाळून तिच्या खिशात घातला, रक्त पुसलं, पाणी पाजलं, आणि पाकू सगळ्या मैदानाला फट दाखवत पळाली. तिच्यामागे बघताना बर्नाडीनला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचे कान गरम होत गेले, लहान मुलाने खोटं पकडावं तसे.

शुक्रवारी संध्याकाळी, दर शुक्रवारी जातात तशा, मायलेकी चर्चच्या तळघरात मासे खायला गेल्या. लांब टेबलं, कागदी चादरी, तळलेला कॉड, राय धान्याचा पाव, बटाट्याची धिरडी आणि वर सफरचंदाचा मुरांबा. तेलाचा वास कोटात शिरून रविवारपर्यंत राहतो, तो तसा राहिलाच पाहिजे. त्या संध्याकाळी सगळं तळघर कोराबद्दल विचारत होतं. क्लॅरन्सने कामच चोख केलं होतं. “पोरगी कुठे राहणार? वरच्या खोलीत?” “शिक्षिका होणार का, आजीवर गेलीय!” “ढोल घेऊन येणार म्हणे!” बर्नाडीन हो, बघू, अजून ठरलं नाही, असं करत धिरड्याचे इतके बारीक तुकडे करत राहिली की शेवटी काटा टोचायला काही उरेना. आई समोर बसून शांतपणे माशाचं काटेरी हाड काढत होती. डोळ्यांनी कमी दिसत असलं तरी हाड तिच्या बोटांना दिसतं.

“उद्या मला जरा जायचंय,” बर्नाडीन म्हणाली. “कॉलेजात. पालकांचा कार्यक्रम आहे.”

“पालकांचा?”

“हो.”

“मग मी येते,” आई म्हणाली.

“आई, तिथे जिने आहेत. लांब आहे. तुझे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. पालकांचा कार्यक्रम आहे ना? मी तीन पोरं वाढवली. एकाही कार्यक्रमाला कुणी बोलावलं नाही मला. येते मी. ते धिरडं खाणार आहेस की त्याचा भुगाच करणार आहेस?”

शनिवारी सकाळी आई हिरवा कोट घालून दारात तयार होती. तोच कोट. कोपरांवर विरलेला, पण घासूनपुसून ताठ. बाहेर ऊन पडलं होतं, गारठा होताच. क्लॅरन्सच्या पायरीवर बदकाने रात्रीतून रेनकोट टाकून काळ्या कागदाची चौकोनी पदवीची टोपी घातली होती, आणि टोपीचा गोंडा त्याच्या चोचीवर आला होता. क्लॅरन्स खिडकीतून हात हलवत होता. आईने बदकाला मान लववली, ओळखीच्या माणसाला लववावी तशी. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. बर्नाडीन मनात आपलं खोटं नीट लावत होती. मुलीला ताप आलाय, फार उत्सुक होती, मी माहिती घेऊन जाते. आईला काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. आईसमोर खोटं बोलायचं म्हणजे आईने कान द्यायलाच नको. सरोवर आलं. आज ते निळं होतं, इतकं निळं की पाटीचा रंग तिथूनच आणलाय असं वाटावं.

“याच बाजूने गेली असशील तेव्हा,” आई म्हणाली.

“कधी?”

आईने कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून एक पुठ्ठ्याचं कार्ड, कडा मऊ झालेलं, पिवळं पडलेलं. ‘हे कार्ड प्रवेशद्वारी द्यावे.’ खाली टंकलेली तारीख आणि नाव, लग्नाआधीचं. बर्नाडीन बोविन्स्की.

“त्या पानगळीत सापडलं,” आई म्हणाली. “खिशाला भोक होतं, अस्तरात गेलं होतं. म्हटलं, अरेच्चा, दारात द्यायचं कार्ड खिशात कसं? म्हणजे पोरगी दारापर्यंत गेलीच नाही.”

बर्नाडीनच्या तोंडात मोहरीची चव आली. “मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तू नॉर्बर्टबरोबर नाचायला जायला लागली होतीस. खुशीत होतीस. मला वाटायचं, सांगेल कधीतरी. मग मुलं झाली तुला, मग मीच विसरायचे, मग कोट काढला की आठवायचं.” आईने कार्ड पुन्हा रुमालात ठेवलं. “आणि हे बघ, भिंग मी नुसत्या पत्त्यांसाठी ठेवत नाही. न्यायाधीशबाईंच्या पाटीवर पक्षी कशाला असेल?”

बर्नाडीन आईकडे बघतच राहिली. “तुला माहीत होतं? आणि तरी तू ती अंगणात लावलीस?”

“पाट्या लावायच्याच असतात,” आई म्हणाली.

फाटक दिसू लागलं. फाटकापाशी गाड्या होत्या, फुगे होते, पिवळे सदरे घातलेली पोरं हात हलवत होती. दोरी खिडकीवर लोंबत होती, आता प्लास्टिकची, पण लोंबत होती तशीच. बर्नाडीनचा हात मांडीवर होता. तो वर जाईल असं तिला वाटलं, नाही जाणार असंही वाटलं, आणि दोन्ही वाटण्यांच्या मध्ये हिरव्या कोटाची एक विरलेली बाही तिच्या नाकासमोरून वर गेली. घंटी वाजली. थांब्यावर ड्रायव्हरने म्हाताऱ्या बाईला पाहून बटण दाबलं, आणि सबंध बस एका बाजूला उसासा टाकून खाली झुकली. बस अशी आपल्यासाठी गुडघे टेकते तेव्हा कुणाला ‘राहू दे, पुढे चला’ म्हणता येत नाही. दोघी उतरल्या.

तंबूखाली दोन टेबलं होती आणि दोन रांगा. एका टेबलावर गळ्यात घालायच्या पिवळ्या फितींचा ढीग, त्यावर विद्यार्थी लिहिलेलं. दुसऱ्यावर निळ्यांचा, त्यावर पालक. मधे उभी असलेली कुरळ्या केसांची मुलगी हसली आणि आवाजावरून बर्नाडीनने तिला लगेच ओळखलं. मार्गो. “या, या! गॅपिन्स्की? आपलं फोनवर बोलणं झालं ना?” तिने चटकन एक निळी फीत उचलून बर्नाडीनपुढे धरली आणि तिच्या खांद्यावरून मागे, मग आणखी मागे पाहिलं. “आणि आपली बर्नाडीन कुठेय?”

निळी फीत हवेत होती. ती घ्यायची एवढंच. सगळं खोटं तिच्या जिभेवर ओळीने, नीट लावून तयार होतं, ताप, उत्सुकता, माहिती. पण ओळ फार लांब होती. बर्नाडीनने आपलं बोट पाहिलं. ते कोटाच्या शिवणीवर टेकून उभं होतं, एका जागी, कशाच्या तरी खाली. तिने त्याच्या वरचा तेवढा शब्द वाचला.

“मी,” ती म्हणाली.

मार्गोला कळायला एक श्वास लागला. तेवढ्यात आईने बाजूने हात घातला आणि निळी फीत अलगद काढून घेतली. “ही मला दे, पोरी. पालक मी आहे.” आणि दुसऱ्या हाताने ते पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं. “हे दारात द्यायचं होतं. जरा उशीर झालाय, चालेल ना?”

मार्गोने कार्ड उचललं, तारीख वाचली, पुन्हा वाचली. तिच्या कुरळ्या केसांखालचा चेहरा आधी गोंधळला, मग असा फुलला की मागच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. “चालेल,” ती म्हणाली. “पळेलसुद्धा.” आणि तिने स्वतः टाचा उंचावून पिवळी फीत बर्नाडीनच्या गळ्यात घातली.

पुढचे तीन तास बर्नाडीनला तुकड्या-तुकड्यांतच आठवणार होते. फळ्यावरच्या खडूचा वास, जो सगळीकडे सारखाच असतो. वाचन कसं शिकवावं यावर बोलणाऱ्या बाई, ज्यांचं एक वाक्य ऐकून ती न राहवून म्हणाली, “पण मूल गप्प बसलेलं असतं तेव्हा ते वाचतच असतं, आतल्या आत,” आणि बाईंनी खडू खाली ठेवून विचारलं, “जरा सविस्तर सांगाल?” तिच्या शेजारची ब्राँटी नावाची अठरा वर्षांची पोरगी, जिने कानात विचारलं, “तुम्ही पण घाबरलायत का?” आणि बर्नाडीनने तिच्या वहीच्या कोपऱ्यावर बोट टेकवून सांगितलं, कसं करायचं ते. तेव्हा ब्राँटीने फक्त मान हलवली होती, पण जेवणाच्या वेळी तिने बर्नाडीनसाठी खुर्ची धरून ठेवली.

पालकांचा कार्यक्रम संपला तेव्हा आई दारातून बाहेर आली, निळी फीत हिरव्या कोटावर, हातात तीन माहितीपुस्तिका आणि कागदी रुमालात गुंडाळलेली दोन बिस्किटं. तिच्यामागून दोन-तीन बाप हसत बाहेर पडत होते. पुढे कळलं की तिने कॉलेजच्या अध्यक्षांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, माझ्या मुलीला रात्री दहाच्या आत घरी सोडणार का, कारण ती मासे जेवली की लवकर झोपते.

बर्नाडीनने तिचा हात धरला. थांब्याकडे चालता चालता तिने विचारलं, “कसं होतं, आई?”

आईने विचार केला. पुस्तिका या काखेतून त्या काखेत घेतल्या.

“खास नाही,” ती म्हणाली. “कॉफी पातळ होती. तू आपली घरून नेत जा.”